भिलाचा तुकडा

आमच्या गावी शेतांना नावं आहेत. विहिरीचा मळा, नाल्याकाठचं, बाभळीचं, आणि गावापासून जरा लांब, डोंगराच्या अंगाला असलेला 'भिलाचा तुकडा'. लहानपणी सुटीत गेलो की शेतात भाकरी पोचवायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. "आज भाकरी कुठे?" "भिलाच्या तुकड्यात." इतकं सरळ. या नावात काही विचारण्यासारखं आहे हे चाळिशी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. नदी तापी, डोंगर सातपुडा, तसा शेताचा हा तुकडा भिलाचा!

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे भाऊबंद गावी जमलो होतो. तुकड्याजवळून आता चांगला रस्ता गेला आहे, आणि प्लॉट पाडणारे एकजण भाव विचारून गेले होते. पाच हिस्से, त्यातला एक माझा. कागद बघू म्हणून काकांनी ट्रंकेतून जुनं खरेदीखत काढलं. मजकूर मोडीत. आमच्यापैकी एकालाही वाचता येईना. स्टॅम्पावरचं १९४६ साल तेवढं लागलं, आणि खालचा अंगठा. तो वाचायला कोणाला मोडी यावी लागत नाही.

"कोणाचा गं आत्या?" मी विचारलं.

"सालदारबाबाच्या आजाचा," आत्या म्हणाली आणि वाती वळत राहिली.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारा शेतमजूर. पाडव्याला किंवा अक्षय्यतृतीयेला साल ठरायचं. आधी उचल घ्यायची आणि वर्षभर फेडत राहायचं. आमचे सालदारबाबा म्हणजे ज्यांनी मला बैलगाडीचा कासरा धरायला शिकवला ते. १९७२ च्या दुष्काळात ते साल सोडून बायकोच्या माहेरी, वर डोंगरात निघून गेले. तिथे जंगलातला एक उतार साफ करून ज्वारी आणि भगर पेरायला लागले. वर्षातून दोनदा, कापूस वेचायच्या नाहीतर गहू काढायच्या वेळी खाली कामाला यायचे, येताना आमचूर आणायचे. म्हणजे ज्या तुकड्यात मी त्यांना भाकरी नेऊन द्यायचो, तो त्यांच्या आजाचा होता. हे त्यांना अर्थातच माहीत होतं. घरातल्या मोठ्यांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त आम्हा पोरांना, आणि गंमत म्हणजे ते सांगणारं नाव आम्हीच दिवसातून चारदा घेत होतो.

आता हे इथे लिहायचं कारण. सालदारबाबा जाऊन काही वर्षं झाली. वरची जमीन त्यांची दोन मुलं कसतात. तिच्यावर त्यांनी वनहक्काचा दावा केला होता, तो 'पुरेसा पुरावा नाही' म्हणून फेटाळला गेला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोघं आत्याकडे आले. ओट्यावर बसले. "आजी, तुम्ही बाबाला वर जाताना पाहिलं ना? तेवढं लिहून द्या."

मागणं एवढंच. आत्या तयार आहे, पण घर तयार नाही.

का तयार नाही ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं.

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे इथल्या शंभर माणसांतली जवळजवळ सत्तर माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा. तरी तापीकाठच्या काळ्या जमिनीचे सातबारे काढून बघा, आडनावं वेगळीच दिसतील. हे एका रात्रीत झालं नाही आणि तलवारीनेही झालं नाही. बियाणाला धान्य, लग्नाला कर्ज, व्याजावर व्याज, आणि शेवटी अंगठा. वर डोंगरात इंग्रजांनी १८७८ च्या आणि मग १९२७ च्या वन कायद्याने जंगलं राखीव करून टाकली होती. म्हणजे खालची जमीन सावकाराची झाली आणि वरची सरकारची. मधल्या माणसाने जायचं कुठे? तो गेला वर, आणि सरकारी दप्तरात त्याचं नाव पडलं 'अतिक्रमणदार'.

मला दिवाळीपासून छळतो आहे तो हाच शब्द. सालदारबाबांच्या आजाने आमच्या पणजोबांना जमीन दिली नसती, तर नातवाला जंगल साफ करायची पाळी आली असती का? त्या अतिक्रमणाची सुरुवात आमच्या ट्रंकेतल्या कागदापासून होते. या दोन गोष्टी आपण नेहमी वेगवेगळ्या सांगतो. एक 'आपल्या वाडवडिलांनी कष्टाने उभी केलेली शेती' आणि दुसरी 'आदिवासींनी उजाड केलेलं जंगल'. गोष्ट एकच आहे.

हे मी नवीन सांगतोय असं मुळीच नाही. अंबरसिंग सुरतवंती, म्हणजे आमच्या भागातले अंबरसिंग महाराज, पन्नास वर्षांपूर्वी हेच सांगत होते. ते सर्वोदयातले, स्वतः भिल्ल. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनी परत मागायला सुरुवात झाली. अंबरसिंग १९७४ साली गेले. आमच्या घरी त्या काळाला 'ती गडबड' म्हणतात. नावं ठेवण्यात आमचं घर फार हुशार!

त्याच सुमारास आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदाही राज्याने केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्यात येतात. आमचा कागद १९४६ चा. म्हणजे आम्ही अकरा वर्षांनी सुटलो. कायद्याने तुकडा आमचा आहे, यात शंका नाही. मी वकिली करायला बसलेलो नाही.

पण तारखांची ही गंमत बघा. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच 'ऐतिहासिक अन्याय' मान्य करतो. सरकारच्या कायद्याने इतकं स्पष्ट बोलावं हे दुर्मीळच. मात्र त्यात हक्क कोणाला, तर १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो जंगलजमीन कसत होता त्याला, चार हेक्टरांपर्यंत. ही तारीख म्हणजे विधेयक लोकसभेत मांडलं गेलं तो दिवस. आदिवासीने त्या दिवसाआधीचा पुरावा द्यायचा. आमच्याकडे पुरावा मागायचा तर तो १९५७ नंतरचाच मागायचा. एक तारीख आम्हाला वाचवते, दुसरी त्यांना अडवते.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. ब्राझीलमध्ये तर अनेक वर्षं वाद चालला आहे की ५ ऑक्टोबर १९८८ ला, म्हणजे त्यांची राज्यघटना आली त्या दिवशी, जे मूलनिवासी जमिनीवर हजर होते त्यांचाच तिच्यावर हक्क मानावा. शोक्लेंग नावाच्या जमातीचा खटला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं : त्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो, कारण त्याआधीच आम्हाला हाकललं होतं! सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तारखेची अट फेटाळली, आणि वर्ष संपायच्या आत तिथल्या संसदेने तीच अट कायदा करून परत आणली. इतक्या लांबचं जंगल, पण वाचताना मला ते आमच्या ओट्यावरचंच भांडण वाटलं.

बरं, पुरावा म्हणजे काय? या कायद्याच्या दाव्यांत एक विलक्षण गोष्ट घडली. वनखात्याने वर्षानुवर्षं या लोकांवर गुन्हे नोंदवले, दंड केला, पावत्या फाडल्या. ज्यांनी त्या जपून ठेवल्या, त्यांना त्याच पावत्या पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. चोर ठरवणारा कागदच मालकीचा साक्षीदार झाला. सालदारबाबांनीही पावत्या आढ्याला बांधून ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि त्यांचा लगदा झाला.

पण कायदा एवढ्यावर थांबत नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नियमांप्रमाणे बांधबंदिस्ती, घर, विहीर, दफनाची जागा, देवाची जागा हेही पुरावे आहेत. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं, तर तोसुद्धा पुरावा आहे. म्हणजे आत्या! ज्या माणसांच्या हाती दोनशे वर्षं कोणी कागद दिला नाही, त्यांच्यासाठी कायद्याने आठवणीला कागदाच्या शेजारी बसवलं. मला या कायद्यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दावा फेटाळला तर कारण लेखी कळवावं लागतं आणि ते कळल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. पोरांकडे ते दिवस थोडे उरले आहेत.

माझ्या चुलतभावाचा, दादाचा, आक्षेप दोन प्रकारचा आहे. पहिला मोठ्यांदा सांगायचा. "जंगल राहिलंय का वर? सगळा डोंगर उघडा करून टाकला. आणि पट्टे मिळाले की उद्या विकून मोकळे होतील."

विकण्याचं आधी. वनपट्टा विकताच येत नाही. तो वारसाने मिळतो, आणि नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. आम्ही पाच भाऊ तुकडा विकायला बसलो असताना 'ते विकतील' ही काळजी आम्ही करावी, हे जरा जास्तच झालं.

जंगलाचं म्हणणं मात्र खोटं नाही. शेतीसाठी झाडं तुटली, सालदारबाबांनीही तोडली. पण त्याआधी ठेकेदारांच्या कूपांतून सागवान किती वर्षं खाली उतरलं, याचा हिशोब कोणी मागत नाही. आणि सरकारला स्वतःला गरज पडली तेव्हा काय झालं? सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणीतली ३३ गावं येत होती, मणिबेली त्यातलं पहिलं. तिथल्या लोकांना वसवायला १९९० साली तळोद्याच्या जंगलातली सुमारे २७०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. सोमावल, रोझवा इथल्या वसाहती त्यातूनच झाल्या. नांगराला नको असलेलं जंगल धरणासाठी मिळालं. शिवाय त्यातल्या काही जमिनीवर तळोद्याचे आदिवासी आधीपासून शेती करत होते, तेही 'अतिक्रमणदार'च. एका आदिवासीला उठवून दुसऱ्याला बसवायचं, आणि भांडण त्या दोघांत लागलं की आपण लांबून म्हणायचं, बघा, यांचं हे असंच!

जंगल राखायचं असेल तर राखणाऱ्याच्या पायाखालची जमीन आधी पक्की करावी लागते. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभेने बांबू स्वतः विकायला सुरुवात केली. तिथे जंगल संपलं नाही. ज्याला उद्या हाकलतील अशी भीती आहे, तो झाड कशाला लावेल? १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला, २८ तारखेला तो स्थगित केला. ते पंधरा दिवस वरच्या पाड्यांवर कसे गेले असतील, याचा विचार आपण खाली बसून केला होता का? मी तरी केला नव्हता.

दादाचा दुसरा आक्षेप हळू आवाजातला, आणि खरा तोच. आत्याने लिहून दिलं की सालदारबाबा १९७२ ला वर गेले, तर कोणीतरी विचारणार, का गेले? कुठून गेले? मग तुकड्याचं नाव निघणार. प्लॉटवाला बिचकणार. सौदा मोडणार. "विक्री होऊ दे, मग काय लिहायचं ते लिहा."

म्हणजे साठ दिवस उलटल्यावर.

मंडळी, मी साधू नाही. माझा हिस्सा सोडून देतो असं लिहायला माझा हात धजावत नाही. पोरीची फी आहे, घराचा हप्ता आहे. तुकडा परत करावा का, हा प्रश्न माझ्यापुरता अजून उघडा आहे. बहुतेक मी त्याला भितो म्हणूनच उघडा असावा. पण आत्याचं बोलणं दाबून ठेवायचा हक्क आपल्याला कुठल्या कागदाने दिला? जमीन घेतली ती कायद्याने घेतली म्हणू. आता आठवणही घ्यायची?

हे वाचणाऱ्यांत आपल्या घरचेही आहेत, म्हणून चार भिंतींतलं इथे लिहिलं. रागवा, पण वाचा. पुढच्या रविवारी मी गावी जातोय. आत्या सांगेल, मी लिहून घेईन, आणि साक्षीदार म्हणून खाली सही करीन. विक्रीच्या कागदाचं त्यानंतर बोलू.

आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला मी फोनवर विचारलं, "नक्की सांगशील ना? घरचे रागावतील."

म्हणाली, "त्यात सांगायचं काय? सगळं गाव त्याला भिलाचाच तुकडा म्हणतं."