दहाची कॅश आणि दोनशे सर्व्हर

मध्यवर्ती लॉग सर्व्हरची डिस्क भरली की हात आधी जातो तो जुन्या फायली उडवायला. आम्हीही एकदा सर्वांत मोठी फाईल उडवली. तरी डीएफ १०० टक्केच सांगत राहिलं, आणि डीयू म्हणे निम्मीच जागा वापरात! एलएसओएफने उलगडा केला. नाव पुसलं गेलं होतं, पण आरसिसलॉगने फाईल उघडीच धरली होती. हप सिग्नल दिला, जागा सुटली, आणि त्या फाईलमधले लॉग गेले ते गेलेच. सिग्नलच्या आधी प्रॉकमधून ते काढता आले असते, हे चहा पिताना सुचलं.

तेव्हापासून लॉगरोटेटने नाव बदलायचं आणि पोस्टरोटेटमधून सिग्नल द्यायचा, ही कसरत आम्ही या सर्व्हरवर करत नाही. कॉपीट्रंकेट तर नकोच. कॉपी आणि सफाईच्या मधल्या ओळी हरवू शकतात, हे त्याच्या मॅन पेजातच लिहिलंय. त्यापेक्षा होस्ट आणि तारखेवरून फाईलचं नाव आरसिसलॉगलाच ठरवू द्या. तारीख मेसेज पोचल्याची घ्या; घड्याळ बिघडलेला एखादा राउटर १९७० ची फाईल उघडून बसतो. क्रॉनकडे उरतं ते परवाची फाईल कॉम्प्रेस करणं आणि मुदत संपलेली पुसणं. ही मुदत सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांखाली आणता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. आरसिसलॉगने अशा किती फायली एका वेळी उघड्या ठेवायच्या ते ठरवणारा डायनाफाइलकॅशसाइज काही न लिहिता सोडला तर १० असतो. दोनशे सर्व्हर लिहू लागले की जवळजवळ दर ओळीला एक फाईल बंद, दुसरी उघड. बंद होताना बफर डिस्कवर उतरतोच, मग तो ६४ केबीचा दिला काय आणि ४ चा काय! कॅशचा आकडा फायलींच्या संख्येहून मोठा हवा, आणि प्रोसेसची उघड्या फायलींची मर्यादाही त्याला पुरायला हवी.

मध्यवर्ती सर्व्हरच बंद असेल तेव्हाची रांग मात्र पाठवणाऱ्याकडे लागते. फॉरवर्डिंगला लिंक्डलिस्ट रांग, तिला फाईलचं नाव, रिझ्यूमरिट्रायकाउंट उणे १, आणि मॅक्सडिस्कस्पेस न विसरता. नाहीतर आपली डिस्क वाचते, त्याची भरते. यूडीपीवर यातलं काहीच कामाचं नाही, पलीकडे कोणी आहे की नाही हे तिथे कळत नाही.

या रविवारी लॉगर कमांडने क्रमांक घातलेले हजार मेसेज पाठवा, मध्येच सर्व्हर दहा मिनिटं बंद ठेवा, आणि किती पोचले ते मोजा. आमचे पहिल्या खेपेला हजार भरले नव्हते.