रंगाने झाकलेला संसर्ग

मे 2020 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने कोविडच्या प्रसारानुसार जिल्ह्यांची रंगवार यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातले सहाच जिल्हे ग्रीन झोनमध्ये होते. तेव्हाचे उस्मानाबाद, आजचे धाराशिव, त्यांतले एक. उमरगा-लोहारा भागात एप्रिलमध्ये सापडलेले मोजके रुग्ण बरे झाले होते आणि पुढे नवी नोंद नव्हती. लोकांना हायसे वाटले, ते स्वाभाविकच होते. पण 21 दिवसांत कोणी बाधित सापडले नाही, एवढेच तो हिरवा रंग सांगत होता. सापडायला आधी तपासावे लागते. जिल्ह्यात तेव्हा तपासणीची प्रयोगशाळाच नव्हती. नमुने बाहेरगावी पाठवावे लागत. विद्यापीठाच्या उपकेंद्रात प्रयोगशाळा उभी राहिली, ती नंतर.

त्याच मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या 70 जिल्ह्यांत सिरो सर्वेक्षण सुरू केले. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि अहमदनगर निवडले गेले. धाराशिव त्यात नव्हते. जिल्ह्यामागे दहा वस्त्या आणि सुमारे चारशे प्रौढांचे रक्त. त्यात विषाणू शोधायचा नव्हता. तो येऊन गेला असेल तर त्याच्याशी झुंजताना शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, शोधायची होती. बीड आणि नगर या आपल्याला लागून असलेल्या जिल्ह्यांत शंभरात साधारण एकाच्या रक्तात ती मिळाली. आकडा किरकोळ वाटतो. देशाचा हिशेब मांडला तेव्हा मात्र दिसले, की नोंद झालेल्या एकेका रुग्णामागे 82 ते 130 जणांना संसर्ग होऊन गेला होता. एकही रुग्ण न नोंदलेल्या जिल्ह्यांतही अशी माणसे निघाली. भूमचा माणूस कामासाठी जामखेडला जातो, कळंबचा केजला. विषाणूला एवढी वाट पुरते.

या चाचणीची मर्यादाही ओळखली पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेली ‘कोविड कवच एलायझा’ संसर्ग न झालेल्या शंभरांपैकी साधारण 98 जणांना बरोबर ओळखत होती. उरलेल्या दोघांना संसर्ग नसताना तो होऊन गेल्याचा निर्वाळा मिळे. जिथे शंभरात खरा बाधित एकच, तिथे त्याच्यासोबत दोन खोटे मोजले जाणार! म्हणूनच सर्वेक्षणाच्या या पहिल्या फेरीत कवचवर होकारार्थी आलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या संचावर पुन्हा तपासला गेला. शिवाय प्रतिपिंडे तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि पुढे ती ओसरतही जातात. त्यामुळे खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजून एकट्याने घेतलेला अँटिबॉडीचा अहवाल त्या माणसाच्या फारसा कामाचा नसतो. हीच चाचणी चारशे जणांची केली, की अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज येतो. ती वस्तीसाठी आहे, व्यक्तीसाठी नाही, हे डॉक्टरांनी रुग्णांना स्पष्ट सांगायला हवे होते. अनेक ठिकाणी ते सांगितले गेले नाही.

कोविडपुरताच हा प्रश्न असता, तर आज हे लिहिण्याचे कारण नव्हते. डेंगीचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षण जाणवत नाही. परिषदेच्याच 2017-18 च्या पाहणीत देशातल्या 5 ते 45 वयोगटातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात डेंगीची प्रतिपिंडे आढळली. कावीळ ब चा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुकाट राहतो. आरोग्य खात्याच्या साप्ताहिक तक्त्यात मात्र दवाखान्याची पायरी चढलेला आणि चाचणी झालेला रुग्णच येतो. त्या तक्त्यावर धूरफवारणी ठरते, औषधांची मागणी ठरते आणि ‘परिस्थिती नियंत्रणात’ हे पत्रकही त्यावरच निघते.

धाराशिवला 2022 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या कम्युनिटी मेडिसिन विभागाने दरवर्षी आठही तालुक्यांतून, संमती घेऊन आणि नावे वगळून, काही शे नमुने गोळा करावेत. डेंगी, चिकुनगुन्या आणि कावीळ ब यांची प्रतिपिंडे तपासावीत आणि उरलेला रक्तद्रव पुढच्या साथीसाठी शीतकपाटात जपून ठेवावा. खर्च मुख्यतः संच आणि प्रवासाचा. विद्यार्थ्यांना तर गावात जाण्याचे शिक्षणच मिळेल. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात त्यासाठी वेगळी तरतूद करावी आणि तालुकावार निष्कर्ष दर पावसाळ्याआधी जाहीर करावेत.