मुलाच्या हाती पहिला कॅमेरा : आधी अटी, मग खरेदी

ईद, दिवाळी, वाढदिवस किंवा परीक्षेचा निकाल अशा निमित्ताने लहान मुलांना डिजिटल कॅमेरा भेट देण्याची पद्धत आता वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांतही आली आहे. सशाच्या किंवा मांजरीच्या तोंडाचा, रंगीत प्लास्टिकचा कॅमेरा हजार-दोन हजार रुपयांत घरपोच मिळतो. कापसाचे पैसे हाती आलेले असतात, मूल हट्ट करीत असते आणि खोक्यावर मोठे मोठे आकडे छापलेले असतात. फारसा विचार न करता वस्तू घेतली जाते आणि पुष्कळदा महिन्या-दोन महिन्यांत कपाटावर जाऊन पडते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. कॅमेरे विकणे आमचे काम नाही. परंतु खोक्यावरचे लिखाण आणि आतला माल यांत किती अंतर असू शकते, हे दुकानाच्या गादीवर बसून रोज पाहायला मिळते. त्या अनुभवाच्या आधारे या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले. आमचे मत स्पष्ट आहे. मुलाला कॅमेरा देणे चांगले आहे, मोबाईल देण्यापेक्षा तर निश्चितच चांगले आहे. पण कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरविण्यापूर्वी तो कोणत्या अटींवर द्यायचा, हे आईवडिलांनी ठरवावे. अटी ठरल्या की निवड निम्म्याने सोपी होते.

सेवाग्रामचा दाखला

याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास आले. तेथे त्यांच्या कामात मदत करणाऱ्यांत कनु गांधी नावाचे तरुण होते. गांधीजींचे पुतणे नारणदास गांधी यांचे ते चिरंजीव. वर्ध्याचे मगन संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे, ते मगनलाल गांधी त्यांचे काका. कनु गांधींना छायाचित्रे काढण्याची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा एक रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ देण्यास सांगायचे नाही. या कामाला आश्रम पैसा देणार नाही.

१९३८ पासून गांधीजींच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत, कनु गांधींनी याच अटींवर काम केले. गांधीजींना इतक्या जवळून टिपणारी छायाचित्रे फार थोडी आहेत. २०१५ मध्ये दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांतील निवडक छायाचित्रांचे पुस्तक काढले. अटींमुळे काम अडले नाही, उलट त्या कामाला शिस्त आली.

कनु गांधी त्या वेळी विशीतले होते, लहान मूल नव्हते. तरी या तीन अटी आज पाच-दहा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनाही जशाच्या तशा उपयोगी आहेत. आम्ही व्यापारी असल्याने शेवटच्या, म्हणजे पैशाच्या अटीपासून सुरुवात करतो.

मागाहून लागणारा खर्च

वस्तूची किंमत एकदा द्यावी लागते, पण तिचा चालू खर्च मागे लागून राहतो. मुलांच्या बाजारात सध्या तीन प्रकार दिसतात. पहिला साधा डिजिटल कॅमेरा, ज्यात चित्रे मेमरी कार्डावर साठतात. दुसरा, लागलीच कागदावर काळे-पांढरे चित्र काढून देणारा. तिसरा इन्स्टॅक्ससारखा फिल्मचा. तो मुळात डिजिटल नव्हेच, आणि त्यात प्रत्येक चित्रामागे फिल्मचा खर्च येतो.

दुसऱ्या प्रकाराचा मुलांना फार मोह पडतो. बटण दाबले की चित्र बाहेर! पण त्यातला कागद म्हणजे दुकानातल्या बिलाच्या यंत्राचा उष्णतेने काळा पडणारा कागद. जुनी बिले फायलीतून काढल्यावर कोरी दिसतात, हे प्रत्येक दुकानदाराला माहीत आहे. मुलाने जपून ठेवलेले आजीचे चित्रही तसेच उडून जाईल. शिवाय अशा कागदात बिस्फेनॉल-ए नावाचे रसायन असू शकते. युरोपीय संघाने २ जानेवारी २०२० पासून बिलाच्या कागदातील त्याच्या प्रमाणावर कडक मर्यादा घातली आहे. म्हणून हा प्रकार घ्यायचाच असेल तर त्या रसायनाशिवाय बनवलेलाच रोल घ्यावा, आणि महिन्याला किती रोल हे आधीच ठरवावे.

आमच्या मते पहिला कॅमेरा साधा, कार्डावर चित्रे साठविणारा असावा. शंभर चित्रांतली चांगली दहा कोणती हे मुलाने स्वतः निवडावे आणि तेवढीच गावातल्या फोटो स्टुडिओत छापून घ्यावीत. निवड करणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. चार पैसे गावातल्या धंद्याला मिळतात, हा वेगळा फायदा.

मेगापिक्सलची खळ

हलक्या कापडाला भरपूर खळ देऊन कडक आणि वजनदार बनविण्याची युक्ती आमच्या धंद्यात जुनी आहे. हाताला कापड भरीव लागते आणि पहिल्या धुण्यात खळ पाण्याबरोबर निघून जाते. मुलांच्या स्वस्त कॅमेऱ्यांवरचे ४० किंवा ४८ मेगापिक्सलचे आकडे पुष्कळदा असेच असतात. मेगापिक्सल म्हणजे दहा लाख ठिपके. आत प्रकाश टिपणारा भाग एक-दोन मेगापिक्सलचाच असतो आणि यंत्र मधले ठिपके अंदाजाने भरून आकडा वाढविते. त्यामुळे फाईल मोठी होते, चित्र मात्र अधिक स्पष्ट होत नाही.

आणि मुलाला एवढ्या आकड्याची गरजही नाही. स्टुडिओत नेहमी छापतात त्या चार बाय सहा इंचांच्या चांगल्या फोटोला सुमारे वीस-बावीस लाख ठिपके, म्हणजे दोन मेगापिक्सलच्या आसपास पुरतात. तेव्हा खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवावा आणि दुकानात दोन चित्रे काढून पाहावीत, एक उन्हात आणि एक दुकानाच्या आत. आतले चित्र चिखलासारखे आले तर वस्तू परत द्यावी. ऑनलाइन घेतल्यास परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घरी हीच चाचणी करावी.

कपाटातला जुना कॅमेरा

खरेदीला निघण्यापूर्वी घरातले कपाट एकदा पाहावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. मोबाईलने हा धंदा गिळला. पण त्या काळात घेतलेले कॅनन, निकॉन, सोनी यांचे खिशात मावणारे कॅमेरे अनेक घरांत नुसते पडून आहेत. ते नव्या खेळण्यातल्या कॅमेऱ्यापेक्षा बहुधा चांगलेच चित्र देतात.

अशा कॅमेऱ्यात तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली बॅटरी. ती फुगली असेल तर वापरू नये. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा सगळ्यांत सोयीचा. दुसरी कार्ड. २००६ पूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठे एसडी कार्ड चालत नाही, आणि ऑलिम्पस व फुजीच्या काही जुन्या कॅमेऱ्यांना लागणारे एक्सडी कार्ड आता बनत नाही. तिसरी भिंग. त्यावर पावसाळ्यात बुरशीची जाळी धरलेली नाही ना, ते उजेडात पाहावे. पुढे सरकणारे भिंग पडल्यावर लवकर बिघडते, म्हणून असा कॅमेरा सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला द्यावा. त्याहून लहान मुलाला रबराच्या आवरणाचा, भिंग बाहेर न येणारा कॅमेराच ठीक. तीन वर्षांखालच्या मुलाला मेमरी कार्डासारखी गिळता येण्याजोगी वस्तू देऊच नये.

कोणी विचारील, जुना मोबाईलच सिम काढून दिला तर? काहीच नसण्यापेक्षा तेही चालेल. पण त्याची काच फुटते, आणि घरातले वाय-फाय सापडले की तो पुन्हा पुरता मोबाईल होतो.

खुणा आणि धोके

चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी बनवलेल्या वस्तूंवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह असणे भारतात सक्तीचे आहे. सशाच्या तोंडाचा, आत खेळ भरलेला कॅमेरा हे खेळणेच होय. म्हणून हे चिन्ह मागावे. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा क्रमांक असतो, तोही पाहावा. ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर हे क्रमांक खरे की खोटे ते पडताळता येते. गळ्यात अडकविण्याची दोरी ओढ बसताच सुटणारी असावी.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास इशारा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सामान्य लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे तिचे उत्पादकच सांगतात. तेव्हा कॅमेरा उन्हातल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये आणि दुपारी टिनाच्या छताखाली चार्जिंगला लावू नये.

कॅमेऱ्यात वाय-फाय आणि खेळ नसतील तर तो गुण समजावा. हाँगकाँगची व्हीटेक ही मुलांची इलेक्ट्रॉनिक खेळणी बनविणारी मोठी कंपनी. २०१५ मध्ये तिच्या संगणकांतून साठ लाखांहून अधिक मुलांची माहिती चोरीला गेली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत तिला साडेसहा लाख डॉलर भरावे लागले. जो कॅमेरा इंटरनेटला जोडलाच जात नाही, त्यातून अशी चोरी होत नाही. चित्रे कार्ड रीडर लावून वडिलांच्या मोबाईलवर घेता येतात. खेळांविषयी सांगायचे तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे. कॅमेऱ्यातले खेळ ही मर्यादा चटकन ओलांडायला लावतात.

उरलेल्या दोन अटी

फ्लॅश नको, ही अट घरातल्या तान्ह्या बाळासाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पाळावी. मुलाला उजेड शोधायची सवय लागते, हा लाभ निराळा. पोझ नको, ही अट मुलाला माणसांकडे आणि कामाकडे पाहायला शिकविते. जिनिंगमधली कापसाची रास, पवनारला धाम नदीचे पात्र, गिरडची टेकडी, आजोबांचे चष्मा पुसणे हे सारे विषय होऊ शकतात.

यात आम्ही आमच्यातर्फे आणखी एक अट जोडतो. परवानगी. दुसऱ्याचे, विशेषतः बायामाणसांचे आणि इतर मुलांचे चित्र विचारल्याशिवाय घ्यायचे नाही आणि मोठ्यांनीही ते विचारल्याशिवाय मोबाईलवरून कोठे पाठवायचे नाही. काही ठिकाणी तर कॅमेरा बाहेरच काढायचा नाही. पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार हे त्यांपैकी एक. अशा मनाई केलेल्या जागांसाठी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे. मुलाला भीती घालू नये, पण समजावून जरूर सांगावे.

दुकानदार आणि गिऱ्हाईक

शेवटी आपल्या व्यापारी बंधूंना दोन शब्द. आयात केलेल्या प्रत्येक खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, माल कोणत्या देशाचा, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असला पाहिजे. ज्या खोक्यावर हे नाही तो माल स्वस्त मिळाला तरी भरू नये. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल न देण्याला आता तेही निमित्त उरलेले नाही. पक्के बिल आणि सहा महिन्यांची तोंडी नव्हे, लेखी हमी देणारा दुकानदार ऑनलाइन बाजाराला पुरून उरेल.

गिऱ्हाइकांनीही बिलाशिवाय घेऊ नये. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने माल कोठूनही मागविला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदविता येते. हजार-दीड हजारासाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्यावरच निकृष्ट मालाचा धंदा चालतो.

मुलाला कॅमेरा द्या, पण आधी त्याला समोर बसवून अटी सांगा आणि त्या एका कागदावर लिहून घ्या. मग कपाट उघडा आणि तेथे काही मिळाले नाही तरच बाजारात जा.