भाडेकरू नको, कुलूप बरे?



अकोल्यात अकोट फैल, बैदपुरा, खदान, कुठेही जा. वरच्या मजल्याच्या दोन खोल्यांना कुलूप असलेले एखादे घर दिसतेच. विचारले की उत्तर ठरलेले, "भाडेकरू ठेवला की निघत नाही. त्यापेक्षा कुलूप बरे." त्याच वस्तीत एखादे कुटुंब महिनोन्महिने खोली शोधत असते. दुसऱ्या भागात विचारायला गेले तर नाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असे सांगितले जाते. एकाचे घर रिकामे आणि दुसऱ्याला घर नाही.

घरमालकांच्या या भीतीला इतिहास आहे. वऱ्हाडात १९४९ चा सी.पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश लागू होता. घर सोडण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. आधी परवानगीसाठी चकरा, मग दिवाणी दाव्यासाठी चकरा. बापाने सुरू केलेला दावा मुलगा लढे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला व तो जुना आदेश गेला. कायदा बदलला, भीती तशीच राहिली.

एका भगिनीने अलीकडेच विचारले, "पतीच्या निधनानंतर दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालते. भाडेकरू ओळखीचा म्हणून कागद केला नाही. सात महिन्यांपासून भाडे नाही. भाऊ म्हणतो, वीज-पाणी तोडा. काय करू?"

बहीण, वीज-पाणी तोडू नका. भाडेकरूने भाडे थकवले असले तरी त्याचा आवश्यक पुरवठा बंद करणे कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. उद्या फिर्यादी तो असेल आणि आरोपी तुम्ही. थकबाकीची रक्कम लिहून रीतसर नोटीस द्या. नोटिशीनंतर ९० दिवसांत भाडे मिळाले नाही तर न्यायालयात दावा करता येतो. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे.

मात्र कागद नसल्याची अडचण मोठी आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे धरले जाते. खोटे ठरवायचे काम मालकाचे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" हा आपल्याकडचा पक्का गैरसमज आहे. महाराष्ट्रात ती लागते.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर कलम २४ मदतीला येते. मुदत संपूनही राहणाऱ्याविरुद्ध दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जास्तीच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणी आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते.

"आपल्याच माणसाला कागद कसा मागायचा?" असे अनेकांना वाटते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. नाते टिकावे म्हणूनच तो करायचा असतो.

भाडेकरूचेही हक आहेत. दर महिन्याची पावती मागा. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. डिपॉझिट ही तुमची अमानत आहे. ते कधी व किती कापून परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. घर सोडताना दोघांनी मिळून खोल्या पाहाव्यात आणि हिशेब तिथेच संपवावा.

आता सरकारच्या वाट्याचे काम. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती, तर शहरांतील चारपैकी एकाहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधण्यासाठी अनुदान मिळते, पण त्याला आधी स्वतःची जागा लागते. ज्याच्याजवळ जागाच नाही, अशा भाडेकरूचा त्यात काय फायदा? किफायतशीर भाड्याच्या घरांची योजना २०२० मध्ये आली आणि २०२४ च्या नव्या आवास योजनेतही भाड्याच्या घरांचा घटक आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले आहे. तो लागू करणे राज्यांच्या हातात आहे.

म्हणून नगरसेवक मत मागायला आला की नळ आणि नालीसोबत हेही विचारा, "अकोल्यात महापालिका आणि म्हाडा भाड्याची घरे किती बांधणार? ती नाव न पाहता, गरज पाहून मिळणार का?" विधवा, मजूर, बाहेरगावहून वैद्यकीय महाविद्यालयात व कृषी विद्यापीठात शिकायला आलेली मुले, या सर्वांचा हा प्रश्न आहे.

तोपर्यंत ज्यांच्या खोल्या बंद आहेत त्यांनी एक रीतसर करार करून एका कुटुंबाला छप्पर द्यावे. त्यांचे भाडे तुमच्या घराला लागेल आणि मोहल्ल्यातले एक कुलूप उघडेल.