डब्यातली गरमी

नवतपा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना आधी सांगायला हवं. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, पुढचे नऊ दिवस. नागपुरात त्या दिवसांत पारा ४५ ला टेकतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझ्या छोट्या गेमिंग कॉम्प्युटरची खरी परीक्षा २०२४ च्या नवतप्यात झाली आणि त्यात मी नापास झालो. कॉम्प्युटर नव्हे, मी. :)

कॉम्प्युटर मी स्वतः बांधला, २०२३ च्या डिसेंबरात. मोठा टॉवर ठेवायला हॉलमध्ये जागा नाही, म्हणून लहान डबा. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७ सेंटिमीटरचा चौरस तुकडा. व्हिया कंपनीने २००१ मध्ये हे माप काढलं ते कमी विजेवर चालणाऱ्या शांत यंत्रांसाठी, आपण हौशी लोकांनी त्यात गेमिंग कोंबलं. प्रोसेसर रायझन ५ ७६००एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, आणि डबा कूलर मास्टरचा एनआर२००, साधारण १८ लिटरचा. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन येतो ना, त्याहून किंचित लहान. बाबांनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "डिसेंबरात कायले कूलर आणला रे?"

थंडीत सगळं मस्त चाललं. डबा टीव्हीखालच्या शोकेसच्या कप्प्यात फिट्ट बसला. तासभर खेळलं तरी कार्ड ६५ अंशांवर. मी खूश. अशा डब्यांची जी परीक्षणं आपण बघतो ती बहुतेक विशी-पंचविशीतल्या तापमानाच्या खोलीत केलेली असतात, आणि हीटसिंक व पंखा मिळून काय करतात, तर चिपला खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर रोखून धरतात. खोली वीसवर असेल आणि चिप पासष्टवर, तर खोली चौतीस झाल्यावर चिप जवळपास ऐंशीवर जाणार. एवढी साधी बेरीज मी मे उजाडेपर्यंत केली नव्हती.

मे महिन्यात ताई आली, भाचा आला. भाचा तासभर नाही, चार-चार तास खेळतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्ड ८४ अंशांवर, पंखे मिक्सरसारखे ओरडायला लागलेले, खेळ अडखळायला लागलेला. आणि त्याच हॉलमध्ये दिवाणावर बाबा दुपारची झोप काढायच्या प्रयत्नात.

मी शोकेससमोर उकिडवा बसलो आणि मागे हात घातला. कप्प्यातली हवा इस्त्रीच्या वाफेसारखी लागली. डबा आपलीच गरम हवा परत परत ओढत होता! आता गंमत बघा. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर कूलर कितीही घरघरला तरी खोली नुसती दमट होते. हे मी जन्मापासून जाणतो, आणि तरी माझ्या कॉम्प्युटरची खिडकी मीच भिंतीला लावून बंद केली होती.

हिशोब करून बघितला. कॉम्प्युटर तीनशे वॅट उष्णता बाहेर टाकतो असं धरा. आतून जाणारी हवा फक्त दहा अंशांनीच तापावी असं वाटत असेल तर सेकंदाला साधारण २५ लिटर हवा बदलायला लागते. आणि अख्खा डबा अठरा लिटरचा! म्हणजे आतली सगळी हवा सेकंदाला एकदाहून जास्त वेळा नवी हवी. लहान डब्यात कूलिंग म्हणजे एवढंच असतं हो, हवेची वाट. कार्डाच्या खाली दोन पंखे आत ओढणारे, वर दोन बाहेर फेकणारे, वायरी वाटेतून बाजूला बांधलेल्या, चारी बाजूंना वीतभर मोकळी जागा. डबा कप्प्यातून काढून टेबलावर ठेवला, कूलरच्या थेट झोतापासून दूर (ती ओली हवा आणि त्यातले पाण्याचे तुषार यंत्राला काय कामाचे). कार्ड ७४ वर आलं, आवाज निम्मा झाला. मी विजयी मुद्रेने चहा मागितला.

चहा आला, आणि बाबा उठून बसत म्हणाले, "आज खोली जास्तच तापून राहिली."

इथे मला थांबावं लागलं. कारण २०२२ च्या मे महिन्यात बाबांना घरात बसल्या बसल्या उन्हाचा त्रास झाला होता. बाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. चक्कर, उलट्या, सलाईन, दोन रात्री दवाखान्यात. डॉक्टरांनी बजावलं होतं की दुपारी यांची खोली थंड ठेवा. आणि मी काय करत होतो? डब्याला थंड करत होतो. डब्यातली गरमी काढून बाबांच्या खोलीत सोडत होतो, आणि ती आता पूर्वीपेक्षा जास्त इमानदारीने बाहेर येत होती.

सॉकेटला वॅट मोजायचं यंत्र लावलं. भाचा खेळत असताना आकडा ३३० च्या आसपास. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. म्हणजे भर नवतप्यात आम्ही हॉलमध्ये तीन न दिसणारे पाहुणे आणून बसवले होते.

तर माझं मत असं. आपल्याकडे कूलिंगच्या चर्चा सगळ्या उलट्या टोकाने होतात. कोणता पंखा, कोणती पेस्ट, पाण्याचं कूलिंग घेऊ का. माझ्या मावसभावानेही लगेच पाण्याचं कूलिंग सुचवलं. अरे, पाणी उष्णता खाऊन टाकत नाही, चिपवरून उचलून रेडिएटरवर नेतं, आणि तिथून ती त्याच खोलीत येते. वॅट तेवढेच. आधी विचारायचा प्रश्न असा की एवढी उष्णता तयारच कशाला करायची?

बायोसमध्ये जाऊन प्रोसेसर ६५ वॅटच्या इको मोडवर टाकला. मुळात तो १०५ वॅटचा, आणि जोरात आला की १४२ पर्यंत ओढू शकतो. कार्डाची मर्यादा २०० वॅटवरून ७० टक्क्यांवर, म्हणजे १४० वर आणली. जिथे शंभर फ्रेम मिळत होत्या तिथे ब्याण्णव-त्र्याण्णव मिळायला लागल्या. मग फ्रेमच ६० वर बांधल्या, कारण आमचा मॉनिटर त्याहून जास्त दाखवतच नाही. सॉकेटवरचा आकडा २०० च्या खाली. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

याचं कारण सरळ आहे. चिपचा वेग शेवटच्या थोड्या टक्क्यांनी वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्या शेवटच्या सात-आठ फ्रेमसाठी आपण साठ वॅट मोजत असतो.

यावर एक वाजवी आक्षेप आहे, तोही भाच्याचाच. "मामा, मग लहान कार्डच घ्यायचं ना, पैसे वाचले असते." पैसे वाचले असते हे खरं. पण मोठी चिप संथ चालवली की ती लहान चिप पळवण्यापेक्षा कमी विजेत तेवढंच काम करते, म्हणून मला घेतल्याचा पस्तावा नाही. एसी लावा असंही कुणीकुणी सांगितलं. बाबांना एसीत सांधे धरतात, तो विषय आमच्याकडे संपलेला आहे. आणि कडाक्याच्या थंडीत मी मर्यादा काढून टाकतो, हेही कबूल करतो. तेव्हा तीन पाहुणे हवेच असतात.

भाच्याला तो ६० चा बंद अजून पटलेला नाही. दुपारी आजोबा झोपले असताना त्याने एकदा गुपचूप उठवून बघितला, पण पंख्याच्या आवाजाने मला दुसऱ्या खोलीत कळलं.

ताई, वाचत असशीलच. यंदा येताना त्याचा हेडफोन विसरू नको. पंखे गप्प झाल्यापासून गोळीबार फार ऐकू येतो, असं बाबा म्हणतात.