अक्षराचे बिंदू आणि शाळेचे गणित

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधील एखाद्या बाजाररस्त्याने दहा मिनिटे चालत जा आणि फक्त दुकानांच्या पाट्या पाहा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तर दिसेलच. पण कोठे अरबी वळणाच्या लिपीतील, तर कोठे देवनागरीत लिहिलेली सिंधीही भेटेल. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी केव्हाच संपली, पण ‘कॅम्प’ हा शब्द आणि त्याचा नंबर पत्त्यांतून गेला नाही. अनेक भाषांची माणसे एका ठिकाणी आली, तशी त्यांची अक्षरेही आली.

पूर्वी या पाट्या पेंटर ब्रशाने रंगवीत असत. आज त्या संगणकावर तयार होतात. मग त्या फ्लेक्सवर छापतात, किंवा रंगीत चिकट कागदातून यंत्राने कापून घेतात. (या कागदाला आपल्याकडे ‘रेडियम’ म्हणतात, त्यात रेडियम हे मूलद्रव्य औषधालाही नसते!) पेंटरच्या मनगटात जी विद्या होती, तिची जागा आता दुसऱ्या एका विद्येने घेतली आहे. ती म्हणजे वक्ररेषेवरील बिंदू, म्हणजे ‘नोड’, आणि त्या बिंदूंना जोडलेल्या दांड्या, म्हणजे ‘हँडल’, योग्य जागी ठेवण्याची. ही विद्या आज डीटीपीच्या क्लासात शिकवली जाते आणि तेथेच राहते. माझे म्हणणे असे की, ती शाळेत, गणिताच्या आणि चित्रकलेच्या तासाला आली पाहिजे. का, ते सांगतो.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते पाहू. एक आलेख कागद घ्या. त्यावर चार बिंदू मांडा: क (०,०), ख (०,८), ग (८,८) आणि घ (८,०). क आणि घ हे आपले नोड. कख आणि घग या दोन दांड्या म्हणजे हँडल. वक्ररेषा क पासून निघून घ ला पोचणार आहे. ती ख आणि ग मधून जाणार नाही, फक्त त्यांच्याकडे ओढली जाईल. आता कख, खग आणि गघ या रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा. ते (०,४), (४,८) आणि (८,४) असे येतील. हे तीन बिंदू क्रमाने जोडा आणि मिळालेल्या दोन रेषाखंडांचे मध्यबिंदू काढा: (२,६) आणि (६,६). या दोहोंचा मध्यबिंदू (४,६). हा बिंदू आपल्या वक्ररेषेवर आहे. इतकेच नव्हे, तर (२,६) आणि (६,६) यांना जोडणारी रेषा ही तेथील स्पर्शिका आहे. मध्यबिंदूऐवजी प्रत्येक वेळी एकतृतीयांश किंवा एकचतुर्थांश अंतरावरचा बिंदू घेतलात, तर वक्ररेषेवरील दुसरे बिंदू मिळतील. दहावीच्या निर्देशक भूमितीत जी सूत्रे आपण पाठ करतो, त्यांपलीकडे येथे काहीही लागले नाही.

आणखी एक गंमत पाहा. संगणकावर अशा रेषेवर कोठेही नवा नोड घातला, तरी रेषेचा आकार तसूभरही बदलत नाही. हे कसे होते? उत्तर वरच्याच आकृतीत आहे. (४,६) या ठिकाणी नवा नोड घातला की डाव्या तुकड्याचे चार बिंदू होतात (०,०), (०,४), (२,६) आणि (४,६). हे सगळे आपण आधीच काढलेले आहेत! उजव्या तुकड्याचे बिंदू तुम्हीच लिहून पाहा.

ही रीत फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत जन्मली. सिट्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो यांनी ती १९५९ साली शोधली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेथेच पोचून १९६० नंतरच्या काळात आपले काम प्रसिद्ध केले. म्हणून या रेषांना ‘बेझिए वक्र’ हे नाव पडले. मोटारीच्या पत्र्याला गोलाई देण्यासाठी निघालेली ही युक्ती १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकीय भाषेत आली आणि तेथून जगभरच्या अक्षरांत शिरली. आज संगणकावरचे बहुतेक प्रत्येक अक्षर म्हणजे काही नोड आणि काही हँडल, एवढेच असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे सारे तयार मिळत असताना विद्यार्थ्याने त्यात का डोकवावे?

पहिले कारण आपल्या अक्षरांचे आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ आहे. तरीही मराठी पाट्यांवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्रास दिसतात. ते कोणी मुद्दाम निवडलेले नसतात. फाँटमध्ये जे आले ते पाटीवर गेले, इतकेच. अनेक नव्या फाँटांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की योग्य रूप मिळते. ज्या फाँटात ते नसते, तेथे अक्षराचे वक्ररेषांत रूपांतर करून पाकळी स्वतः काढावी लागते. ज्याला नोड हलवता येतो, त्याला ती काढता येते. ज्याला येत नाही, तो म्हणतो, “चालतंय की!”

कॅम्प नं. ३ मधील सिंधी पाटीची अडचण याहून मोठी. सिंधीत चार ध्वनी असे आहेत की, ते उच्चारताना हवा आत ओढली जाते. देवनागरीत ते ॻ, ॼ, ॾ, ॿ असे, खाली आडवी रेघ देऊन लिहितात. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ साली स्थान मिळाले. पण ही चार अक्षरे युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात आली ती २००६ साली. आजही ती प्रत्येक फाँटात असतीलच असे नाही. मग पाटी करणारा साधा ‘ग’ टाकून मोकळा होतो आणि शब्दाचा उच्चारच बदलतो. एका रेघेचा हा प्रश्न आहे. पण ती रेघ योग्य जाडीची, योग्य अंतरावर, अक्षराला शोभेल अशी काढायला नोडचे ज्ञान लागते. एखाद्या भाषेची अक्षरे अशी एकेक करून गळू लागली, तर तो दोष यंत्राचा म्हणता येणार नाही. तो आपल्या अज्ञानाचा ठरेल.

आपल्याकडे याचे थोर उदाहरण आहे. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी मुंबईच्या आय.आय.टी.त अध्यापन केले आणि विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट घडवला. कित्ता गिरवणारा हात आणि संगणक यांचे वैर नाही, हे त्यांच्या कामाने दाखवून दिले.

दुसरे कारण पोटापाण्याचे आहे. काहीजण म्हणतील, “छायाचित्र टाकले की संगणक आपोआप बाह्यरेषा काढून देतो, आता तर सांगितले की चित्रही काढतो. मग हे कष्ट कशाला?” आक्षेप योग्य आहे, पण अपुरा आहे. आपोआप काढलेल्या रेषेत जेथे आठ नोड पुरले असते, तेथे पुष्कळदा शंभर पडतात. पडद्यावर ते डोळ्यांना कळत नाहीत. पण रेडियम कापणाऱ्या यंत्राचे पाते त्याच बिंदूंवरून फिरते, आणि गोलाईच्या जागी दातेरी कड येते. उल्हासनगर हे जीन्सच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध. तेथे खिशावरचे भरतकाम असो की चामड्याचे लेबल, आज बरेच काम संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर होते. कमीत कमी नोडमध्ये नेमका आकार बसवणारा माणूस अशा ठिकाणी कारागीर ठरतो. नुसती बटणे दाबणारा बदली कामगार ठरतो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या खेळात खरे गणित दडले आहे. संगणकावर काढलेले वर्तुळ बहुधा चार बेझिए तुकड्यांचे असते. १० सें.मी. त्रिज्येसाठी हँडल सुमारे ५.५२ सें.मी. लांब ठेवावे लागते. तरीही ते खरे वर्तुळ नसतेच! बेझिए वक्राचे क्ष आणि य या दोन्ही बहुपदी असतात. त्यांच्या वर्गांची बेरीज केली, तर सर्वांत मोठ्या घाताचे सहगुणक धन असल्यामुळे एकमेकांना छेदत नाहीत. म्हणून ती बेरीज स्थिर राहूच शकत नाही. वर्तुळात मात्र ती स्थिर असावी लागते. प्रत्यक्षात चूक फार तर सुमारे ०.०२७ टक्के, म्हणजे १० सें.मी. त्रिज्येवर केसाच्या जाडीहूनही कमी. अचूक आणि पुरेसे अचूक यांतील हा फरक दहावीच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने कसा दाखवता येईल?

शिक्षकांना माझी विनंती अशी. यासाठी महाग सामग्री नको. ‘इंकस्केप’ हा कार्यक्रम २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि साध्या संगणकावरही तो चालतो. गणिताच्या शिक्षकांनी आलेख कागदावर मध्यबिंदूंचा प्रयोग करून घ्यावा. चित्रकलेच्या शिक्षकांनी ‘ळ’ हे अक्षर कमीत कमी किती नोडमध्ये बसते, याची स्पर्धा लावावी. ज्या शाळेत संगणक नाही, तेथे पेन्सिल आणि पट्टी पुरे. वेळ नाही ही सबब मला मान्य नाही. दोन तास खूप झाले.

आणि विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यासाठी एक काम. येत्या रविवारी आपल्या गल्लीतल्या पाट्यांवरचे ‘ल’ आणि ‘श’ मोजा. किती मराठी वळणाचे, किती हिंदी? सिंधी पाटी भेटली, तर कॅम्पातल्या एखाद्या आजोबांना ती वाचून दाखवायला सांगा आणि खालची रेघ कोठे गळली आहे का, ते विचारा. मोजून झाले की एक चुकलेले अक्षर कागदावर नीट काढा आणि त्यावर नोड कोठे ठेवाल, त्या खुणा करा.