जोखीम शहरात जास्त, मरण मात्र गावात! छातीत दुखल्यावर आपले पहिले तास जातात कुठं?

रात्रीचे दहा वाजलेत. जेवण करून आप्पा ओसरीवर बसलेत. छातीत दाटल्यासारखं होतंय, घाम सुटलाय, डावा हात जड पडलाय. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पित्त झालं असंल, सोडा घ्या." सोडा होतो, ओवा होतो, पाठ चोळून होते. बारा वाजता गावातल्या डॉक्टरला उठवतात, तो एक इंजेक्शन देतो. दोन वाजता शेजाऱ्याची जीप निघते. तालुक्याच्या दवाखान्यात "पुढं न्या" म्हणतात. जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत पहाट होते.

हे कुण्या एका आप्पांचं नाही. आष्टी-पाटोद्यापासून परळी-धारूरपर्यंत, बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात असा प्रसंग ऐकायला मिळतो. पुढं माणूस वाचला तर "नशीब थोर" आणि गेला तर "वेळ आली होती" एवढंच बोललं जातं. पण गेल्या ३०-४० वर्षांचं संशोधन वेगळंच सांगतं. वेळ आलेली नसते, वेळ घालवलेली असते. आणि ती एकट्या घरच्यांनी घातलेली नसते, व्यवस्थेनंही घातलेली असते.

शेतकरी माणसाला कशाचा हार्ट अटॅक?

गावात एक समज पक्का आहे. हा आजार शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या, तेलकट खाणाऱ्या लोकांचा. आपण कष्ट करतो, भाकरी खातो, आपल्याला काय होतंय!

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं आहे. भारतासह १७ देशांत झालेल्या 'प्युअर' नावाच्या मोठ्या अभ्यासात दीड लाखाहून जास्त लोकांवर सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन, बीपी, साखर, तंबाखू असे धोके एकत्र मोजले तर ते शहरात जास्त आणि खेड्यात कमी निघाले. पण हार्ट अटॅक, लकवा, हृदय निकामी होणं अशा मोठ्या घटना शहरात दर हजारी वर्षाला ४.८३ होत्या, तर खेड्यात ६.२५. अशी घटना घडल्यावर माणूस दगावण्याचं प्रमाण शहरात १३.५ टक्के, तर खेड्यात १७.२५ टक्के.

म्हणजे धोका कमी, पण मरण जास्त. देशांची तुलना केली तरी तसंच. श्रीमंत देशांत धोका सगळ्यात जास्त होता, पण दगावण्याचं प्रमाण ६.५ टक्के. गरीब देशांत धोका सगळ्यात कमी, दगावण्याचं प्रमाण मात्र १७.३ टक्के. गरीब देशांच्या त्या यादीत भारत होता.

हा फरक रक्तात नाही की नशिबातही नाही. आजार वेळेत ओळखला जातो का, उपचार वेळेत मिळतात का आणि नंतर गोळ्या चालू राहतात का, मोठा फरक इथंच पडतो.

गरीब जास्त का दगावले?

आपल्याच देशातला पुरावा बघा. भारतातल्या ८९ रुग्णालयांमधल्या २० हजारांवर हृदयरुग्णांची नोंद असलेला 'क्रिएट' अभ्यास २००८ मध्ये आला. मोठ्या हार्ट अटॅकचे रुग्ण त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला किती वेळ घेत होते? निम्म्या रुग्णांना ३०० मिनिटांहून जास्त, म्हणजे पाच तासांच्या वर. आणि ही रुग्णालयं होती ५० शहरांमधली. खेड्यातून निघणाऱ्याचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्याच अभ्यासात ३० दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के होतं. संशोधकांनी मग हिशेब लावून पाहिला की गरिबांना श्रीमंतांइतकेच उपचार मिळाले असते तर काय झालं असतं? फरक उरलाच नसता. गरिबाचं हृदय कमजोर नव्हतं, त्याला मिळालेले उपचार कमी होते.

एक तासाची किंमत

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकणं. पाटाला बोळा बसला की पुढचं पीक वाळायला लागतं, तसंच इथं हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. एकदा मेलेला स्नायू परत जिवंत होत नाही. म्हणून बोळा लवकर निघाला पाहिजे.

तो काढायचे दोन मार्ग. एक, अँजिओप्लास्टी, म्हणजे तार घालून नळी उघडणं आणि स्टेंट बसवणं. त्यासाठी कॅथलॅब आणि तज्ज्ञ लागतात. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते तालुक्याच्या रुग्णालयातही देता येतं.

इटलीत १९८६ साली ११ हजारांवर रुग्णांवर या इंजेक्शनची चाचणी झाली. त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ज्यांना ते मिळालं, त्यांच्यातले मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तीन ते सहा तासांत मिळालं तर १७ टक्क्यांनी. सहा तासांनंतर ठोस फायदा दिसलाच नाही. औषध तेच, फरक फक्त घड्याळाचा.

१९८८ मध्ये १७ हजार रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत एका स्वस्त गोळीनं सगळ्यांना चकित केलं. ती गोळी म्हणजे ॲस्पिरिन. ना इंजेक्शन, ना ॲस्पिरिन मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत १३ टक्के रुग्ण दगावले. दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के.

"इथं काही करू नका, पुढं नेतो"

हे वाक्य गावाकडचे नातेवाईक हमखास बोलतात. मनात असतं की तालुक्याच्या दवाखान्यात काय कळतंय, मोठ्या गावी नेऊ. आपलं माणूस वाचावं म्हणूनच ते म्हणतात, पण कितीदा हाच निर्णय महागात पडतो.

२०१३ मध्ये जवळपास १,९०० रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. हे सगळे तीन तासांच्या आत डॉक्टरांपर्यंत पोचलेले, पण एका तासात अँजिओप्लास्टी होणं शक्य नसलेले रुग्ण. अर्ध्यांना आधी इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात नेलं, अर्ध्यांना थेट अँजिओप्लास्टीसाठी नेलं. महिनाभरात मृत्यू, शॉक, हृदय निकामी होणं किंवा पुन्हा अटॅक अशा गोष्टी पहिल्या गटात १२.४ टक्के, तर दुसऱ्या गटात १४.३ टक्के घडल्या. म्हणजे लांब राहणाऱ्यासाठी "आधी इंजेक्शन, मग प्रवास" हा मार्ग कमी प्रतीचा नाही.

अर्थात इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा वाढतो. आधी लकवा झालेला, नुकतंच ऑपरेशन झालेलं किंवा कुठून रक्त जात असेल तर डॉक्टर ते टाळतात. आणि इंजेक्शन दिलं म्हणजे काम संपलं असंही नाही. पुढच्या २४ तासांत मोठ्या रुग्णालयात अँजिओग्राफी व्हायला हवी. पण द्यायचं की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या, जीपमध्ये बसलेल्या पाहुण्यांनी नाही.

कार्ड हातात, पण रस्ता लांब

आता सरकारच्या बाजूचं. २०१७ मध्ये केंद्रानं स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच देण्याचा निर्णय राज्यानं २०२३ मध्ये घेतला. हे चांगलंच झालं. जमीन गहाण टाकून बायपास करायची वेळ अनेकांवरची टळली.

पण कार्डानं खर्च भागतो, अंतर नाही. आष्टी-कड्याच्या माणसाला अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पडतं, म्हणून तो अहिल्यानगरला धावतो. कुणी छत्रपती संभाजीनगर गाठतं. योजनेचे पैसे शहरातल्या रुग्णालयात खर्च होतात. आणि ज्या पहिल्या तीन तासांत जीव वाचणार असतो, ते तास रस्त्यावर जातात.

तामिळनाडूनं याला एक उत्तर शोधलं. छोटी रुग्णालयं आणि कॅथलॅब असलेली मोठी रुग्णालयं एकमेकांना जोडली. छोट्या ठिकाणी ईसीजी काढायचा, तो मोबाईल यंत्रणेतून तज्ज्ञाला पाठवायचा, जमेल तिथं तिथंच इंजेक्शन द्यायचं आणि अँब्युलन्सनं पुढं न्यायचं. २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे दर शंभरात तीन-चार माणसं जास्त जगली. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात कॅथलॅब बांधावी लागली नाही, असलेल्या गोष्टी नीट जोडाव्या लागल्या. महाराष्ट्रातही 'स्टेमी' प्रकल्पाच्या नावानं काही जिल्ह्यांत ही पद्धत सुरू झाली आहे. तिचा लाभ रात्री दोन वाजता आलेल्या आपल्या तालुक्यातल्या रुग्णाला मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

वाचला, पण गोळ्या सुटल्या

आणखी एक गळती आहे, तिची चर्चा कमी होते. 'प्युअर'च्याच २०११ च्या अहवालानुसार गरीब देशांत आधी हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी ८० टक्के लोक सिद्ध झालेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. खेड्यात तर आणखी कमी.

आपल्याकडं याला एक खास कारण जोडलं जातं, ते म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आसपास टोळी कारखान्यावर जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. बीपीची, रक्त पातळ राहण्याची गोळी महिन्याभराची मिळालेली असते. फडावर ती संपते. तिथं ना ओळखीचा डॉक्टर, ना कागद. दुखत नाही म्हणून गोळीही आठवत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. टोळी निघण्याआधी हंगाम पुरेल इतक्या गोळ्या आणि उपचाराचा एक कागद हातात दिला, तर यावर फार मोठा खर्च येणार नाही.

तंबाखूचं तेवढं बोलू

धोके कमी आहेत म्हणजे नाहीत असं नाही. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासानं दाखवलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. घर चालवणारा माणूस सहा वर्षं आधी आजारी पडतो. बीपी, साखर, पोटाचा घेर ही कारणं आहेतच. पण गावाकडचं मोठं कारण खिशात असतं. "आम्ही कुठं सिगारेट ओढतो, नुसती तंबाखू मळतो" असं म्हणणाऱ्यांसाठी: नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकची शक्यता सव्वादोन पट, बिडी ओढणाऱ्यांत जवळपास तिप्पट, ओढणं आणि चघळणं दोन्ही करणाऱ्यांत चौपट दिसली.

मग करायचं काय?

घरात: छातीत दाब, जडपणा, घाम, जबडा-हात-पाठीत कळ, अचानक दम लागणं, यातलं काही सुरू झालं तर १०८ ला फोन करा. बायांमध्ये आणि साखरेच्या रुग्णांत छातीत दुखेलच असं नाही. नुसती मळमळ, थकवा, धाप असू शकते. "पित्त" हे ईसीजी झाल्यावर म्हणायचं, आधी नाही. पहिला ईसीजी चांगला आला आणि त्रास चालूच असेल तर पुन्हा काढायला सांगा. ॲस्पिरिन द्यायची का ते १०८ च्या किंवा आपल्या डॉक्टरला फोनवर विचारा. जिभेखालची गोळी शेजाऱ्याची आणून देऊ नका, बीपी एकदम पडू शकतं. रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवू नका. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. आणि "जोरात खोकत राहा, अटॅक थांबतो" हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुढं पाठवू नका. खोकण्यात वेळ जातो, गुठळी जात नाही.

ग्रामसभेत: रस्ता आणि सभामंडपाच्या यादीत यंदा पाच प्रश्न घाला. आपल्या ग्रामीण रुग्णालयात २४ तास ईसीजी निघतो का? तो बघून सांगणारा तज्ज्ञ फोनवर तरी आहे का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साठ्यात आहे का? रात्री ते देणारा डॉक्टर हजर असतो का? उपकेंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या दर महिन्याला मिळतात का? उत्तरं लेखी मागा आणि निवडणुकीत गाडी दारात आली की तीच पुन्हा विचारा.

आप्पांच्या घरच्यांनी दहा वाजताच १०८ लावली असती आणि साडेअकराला तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी होऊन इंजेक्शन लागलं असतं, तर ती पहाट वेगळी उजाडण्याची शक्यता बरीच जास्त होती. यातलं अर्धं काम आपल्या घरातलं आहे. उरलेलं अर्धं आपण निवडून दिलेल्यांचं आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घेणं पुन्हा आपलंच काम आहे.